ऑस्ट्रेलियाचा इतिहास, तो जगलेल्यांच्या तोंडून: कोणाचे ऐकावे आणि लेखणी कोणाची मानावी?

धागाकर्ता: पारावरचा वाचक

नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा माणसांचा एक वाचनगट जमतो. गेल्या वर्षी आम्ही गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचला. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याचे ऐकून वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघतो, सत्तावनच्या धामधुमीत सापडतो, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो आणि अखेरीस गंगेची कावड तेवढी घेऊन घरी येतो, ही हकीकत सर्वांनाच फार भावली. मात्र त्यावरून एक वाद उभा राहिला व तो अद्याप मिटलेला नाही. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापलेले पुस्तक आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून प्रसिद्ध केलेला पाठ यांत बरेच अंतर आहे. तेव्हा आपण ऐकत होतो तो आवाज भटजींचा किती आणि संपादकांचा किती, असा तो वाद आहे.

यंदा गटातील दोघांनी ऑस्ट्रेलियाचा विषय सुचविला. दोघांचीही मुले तिकडे स्थायिक झाली आहेत. आईवडील तीन-तीन महिने तेथे राहून येतात, बागा आणि समुद्रकिनारे पाहतात. पण त्या देशात आपल्याआधी काय घडले याची फारशी कल्पना त्यांना नसते. आम्हाला इतिहासकारांचे ग्रंथ नको आहेत. जे घडले त्यात जो स्वतः होता त्याचे कथन हवे आहे, मग ते रोजनिशीच्या रूपात असो, पत्राच्या, न्यायालयातील साक्षीच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या. सहा-सात बैठकांना पुरेल एवढेच घ्यायचे आहे. कोठून आरंभ करावा आणि प्रत्येक कथनावर विश्वास किती ठेवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद: दक्षिणवारा

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. साधारणपणे या विषयावर पहिले नाव सुचविले जाते ते वॉटकिन टेंच याचे, आणि ते योग्यही आहे. टेंच हा मरीन पलटणीतील अधिकारी. कैद्यांना घेऊन निघालेल्या अकरा जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर तो १७८८ च्या जानेवारीत तेथे पोहोचला आणि पुढील चार वर्षांचा वृत्तान्त त्याने दोन पुस्तकांत लिहिला. १७९० च्या उपासमारीची त्याची पाने वाचनगटात मोठ्याने वाचण्यासारखी आहेत. त्या एप्रिलमध्ये माणशी आठवड्याचा शिधा दोन रत्तल खारवलेले डुकराचे मांस, अडीच रत्तल पीठ आणि दोन रत्तल तांदूळ एवढ्यावर आला होता. मांस तीन-चार वर्षांपूर्वी खारवलेले होते, आणि तांदळाचा दाणा न् दाणा आतील किड्यांमुळे हलत असे. गव्हर्नरांकडे जेवणाचे निमंत्रण असले तरी पाव ज्याचा त्याने घरून न्यावा, असा रिवाज पडला होता. जून महिन्याच्या ३ तारखेला ‘लेडी ज्युलियाना’ हे जहाज दिसले, तेव्हा बायका लेकरांना छातीशी धरून त्यांचे मुके घेत वेड्यासारख्या धावत सुटल्या. टपालात राजेसाहेब आजारी पडून बरे झाल्याची वार्ता आणि फ्रान्समधील क्रांतीची वार्ता दोन्ही एकदमच हाती पडल्या. टेंच विनोदी आहे, चौकस आहे आणि स्वतःला हसू शकतो. परंतु तो सरकारी अधिकारी आहे हे विसरू नये. कैद्यांची भूक त्याला दिसते, पण ती त्याच्या लेखी वसाहतीच्या हलाखीचा एक भाग असते.

परंतु गटासाठी एकच कथन निवडा असे कोणी म्हटले, तर मी टेंचला बाजूला ठेवून जॉन किंग याची जबानी घेईन. कारण थोडे सविस्तर सांगतो.

रॉबर्ट ओहारा बर्क आणि विल्यम जॉन विल्स यांची मोहीम २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून निघाली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडावा, हा तिचा हेतू. सोन्याने श्रीमंत झालेल्या व्हिक्टोरिया वसाहतीने खर्चाला हात आखडता घेतला नव्हता. खास या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट आणविले होते आणि त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातून उंटवालेही आले होते. किंग त्याच जहाजाने आला. तो मूळचा आयरिश, ७० व्या पलटणीचा शिपाई. पेशावरकडे नोकरी करून तो बाहेर पडला होता. मोहिमेत त्याला कोणताही मान नव्हता. बर्क पुढारी, विल्स मोजणीदार, आणि किंग उंटांमागे चालणारा.

कूपर क्रीक येथे तळ पडला. तेथे विल्यम ब्राहे याच्या हाताखाली तीन माणसे ठेवून बर्क, विल्स, किंग आणि चार्ल्स ग्रे हे १६ डिसेंबरला उत्तरेस निघाले. ते उत्तरेकडील कार्पेंटेरियाच्या आखातापर्यंत जवळजवळ पोहोचले, पण खारफुटीच्या दलदलीमुळे समुद्र त्यांच्या दृष्टीस पडला नाही. परतीच्या वाटेवर १७ एप्रिल १८६१ रोजी ग्रे वारला. अंगात त्राण नसतानाही उरलेल्या तिघांनी त्याला पुरण्यात एक दिवस घालविला. २१ एप्रिलच्या संध्याकाळी ते तळावर आले, तर तळ मोकळा होता. तीन महिने थांबण्याची आज्ञा असताना ब्राहे चार महिने थांबला होता आणि त्याच दिवशी सकाळी तो निघून गेला होता. झाडाच्या बुंध्यावर ‘येथे खणा’ अशा अर्थाची खूण कोरलेली होती आणि खाली थोडे अन्न पुरलेले होते.

येथपर्यंतची गोष्ट ऑस्ट्रेलियातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. किंगचे कथन खरे मोलाचे ठरते ते यापुढे, कारण विल्सची रोजनिशी जूनच्या अखेरीस थांबते, बर्कही त्याच सुमारास मरतो आणि त्यानंतरचे अडीच महिने जगलेला एकच मनुष्य उरतो.

१५ सप्टेंबरला हॉविटच्या शोधपथकाला किंग सापडला तो यांद्रुवांदा या तेथील आदिवासी लोकांच्या वस्तीत. त्या पथकाने उतरून घेतलेली त्याची पहिली हकीकत अगदी साधी आहे. आपण कावळे मारून त्यांना देत असू, असे तो सांगतो. एका बाईने त्याला नार्डूचा गोळा आणून दिला. नार्डू म्हणजे तेथील एका पाणनेच्याच्या बीजकोशांचे पीठ. हात दुखावल्यामुळे कुटता येत नाही, नाहीतर अधिक दिले असते, असे ती म्हणाली. किंगने पाणी गरम करून तिचा हात धुतला. नवरा शेजारी बसला होता, सारी वस्ती भोवती गोळा होऊन कुजबुजत होती, बाई रडत होती. जखमेवर सिल्व्हर नायट्रेट लावताच ‘आग! आग!’ असे आपल्या भाषेत ओरडत ती पळत सुटली. त्या दिवसापासून ती आणि तिचा नवरा त्याला सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे नार्डू देत राहिले. हीच वस्ती मेहेरबान असताना बर्कने तेलकापडाचा एक तुकडा उचलल्यावरून एका माणसाच्या डोक्यावरून पिस्तूल झाडले होते, हेही किंगच सांगतो, आणि सांगताना कोणाला दोष देत नाही. तोच नार्डू खाऊनही बर्क आणि विल्स दिवसेंदिवस खंगत गेले. ते पीठ यांद्रुवांदा रीतीने तयार न केल्यास त्यातील एक द्रव्य शरीरातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, असे स्पष्टीकरण पुढे शास्त्रज्ञांनी दिले आहे.

त्यानंतर मेलबर्नमध्ये चौकशी आयोग बसला आणि किंगला प्रश्नोत्तरांना सामोरे जावे लागले. तिघांनी तळ सोडताना खड्ड्यात चिठ्ठी ठेवली, खड्डा पूर्ववत बुजविला, वरची माती सारखी केली; परंतु झाडावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे आणि मोहिमेच्या मागून येणाऱ्या तुकडीचा प्रमुख राइट तेथे आले, सर्व जसेच्या तसे पाहून त्यांनी खणले नाही आणि ते निघून गेले. आयोगापुढे हा मुद्दा निघतो, तेव्हा कोणत्याही कादंबरीकाराला सुचणार नाही असा प्रसंग वाचकासमोर उभा राहतो. मृत पुढाऱ्याचा पुतळा उभारण्यास उत्सुक असलेले शहर एका बाजूला आणि पंचविशीही न गाठलेला हा अशक्त शिपाई दुसऱ्या बाजूला. त्याला वर्षाला १८० पौंड निवृत्तिवेतन मिळाले. १८७२ साली क्षयाने तो गेला, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

आपल्या गटाच्या वादाला किंग असा उपयोगी पडतो की त्याने स्वतः पुस्तक लिहिलेले नाही. त्याची हकीकत एकदा शोधपथकाने उतरली आणि एकदा आयोगाच्या लेखनिकाने. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

प्रतिसाद: जुनी पाने

वरील प्रतिसाद मनापासून आवडला, आणि शेवटचा मुद्दा पुढे नेण्याचा मोह आवरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरंभीच्या शतकातील अत्यंत गाजलेली आत्मकथने पाहिली, तर बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असे वारंवार आढळते.

विल्यम बकली याचेच पाहा. १८०३ साली सोरेंटोजवळच्या छावणीतून हा कैदी पळाला आणि वाथाउरोंग या आदिवासी लोकांमध्ये बत्तीस वर्षे राहिला. १८३५ साली इंडेंटेड हेड येथे गोऱ्यांच्या छावणीत तो येऊन उभा राहिला, तेव्हा इंग्रजी शब्द त्याच्या जिभेवर येईनात. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याचे ‘आत्मचरित्र’ १८५२ साली होबार्टच्या जॉन मॉर्गन या पत्रकाराने प्रसिद्ध केले. ते प्रथमपुरुषी आहे, ओघवते आहे, त्यात लढाया आहेत आणि पाण्यात राहणाऱ्या बनयिप नावाच्या प्राण्याचे वर्णनही आहे. त्याआधी लँगहॉर्न नावाच्या मिशनऱ्यानेही बकलीची हकीकत उतरून घेतली होती. ती त्रोटक आहे, आणि या माणसाकडून काही काढून घेणे किती कठीण होते, अशी तक्रारही लँगहॉर्नने केली आहे. एका लेखनिकाला बोलका बकली भेटतो आणि दुसऱ्याला मुका. माझा कल मुक्या बकलीवर विश्वास ठेवण्याकडे आहे. पण बत्तीस वर्षांचा तपशील हवा असेल तर मॉर्गनला पर्याय नाही, आणि प्रत्येक वाचकाला हा सौदा करावाच लागतो.

नेड केली या दरोडेखोराचे जेरिल्डरी पत्र हे दुसरे उदाहरण, आणि येथे मात्र उलट घडते. १८७९ च्या फेब्रुवारीत जेरिल्डरी गाव ताब्यात घेतल्यावर केलीला ते छापून हवे होते, पण छापखानेवाला आधीच निसटला होता. मग ते छप्पन पानी पत्र त्याने बँकेच्या हिशेबनिसाच्या हाती दिले. अक्षर त्याचा साथीदार जो बर्न याचे आहे, तोंड केलीचे. विरामचिन्हांचा पत्ता नाही, शिव्यांची लाखोली आहे, मध्येच पोलिसांच्या बापजाद्यांचा उद्धार आहे, आणि वाक्य सुरू झाले की श्वास संपेपर्यंत थांबत नाही. बर्नने काही सुधारले नाही, हेच त्याचे उपकार. पत्र पूर्ण छापून येण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली. केली स्वतः ११ नोव्हेंबर १८८० रोजीच फासावर गेला होता.

या दोहोंपेक्षा जुना आणि फारच छोटा एक कागद आहे. सिडनी परिसरातील इओरा या आदिवासी लोकांतील बेनेलाँग हा गव्हर्नर फिलिप यांच्याबरोबर १७९२ साली इंग्लंडला गेला आणि १७९५ साली परतला. २९ ऑगस्ट १७९६ रोजी त्याने सांगून लिहवून घेतलेले एक पत्र प्रतीच्या रूपात टिकले आहे. इंग्लंडमध्ये ज्यांनी त्याची देखभाल केली त्यांची तो विचारपूस करतो, बायको दुसऱ्याबरोबर निघून गेल्याचे कळवितो आणि मोजे, बूट व हातरुमाल पाठवा म्हणतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी माणसाचे इंग्रजीतील हे सर्वांत जुने ज्ञात लेखन मानले जाते. कोणी त्यात शोकांतिका पाहतात. मला त्यात मुख्यतः एक गृहस्थ दिसतो, ज्याला आपली खुशाली कळविण्याची रीत चांगली ठाऊक आहे.

थोडे विषयांतर. गोडसे भटजींचा उल्लेख निघालाच आहे म्हणून सांगतो. १८५४ साली झाशीत राणी लक्ष्मीबाईंची भेट घेणारे वकील जॉन लँग हे सिडनीजवळील पॅरामाटा येथे १८१६ साली जन्मलेले ऑस्ट्रेलियन गृहस्थ. बोलणे पडद्याआडून चालले असता लहानग्या दत्तक मुलाने पडदा बाजूला सारला आणि राणीसाहेब आपल्याला क्षणभर दिसल्या, असे त्यांनी १८५९ साली लिहून ठेवले आहे. भटजींची राणी आणि लँग यांची राणी एका बैठकीत शेजारी बसवून पाहावी, असे सुचवावेसे वाटते.

प्रतिसाद: गुलमोहर

धाग्यावर आतापर्यंत आलेली माणसे, बेनेलाँगचा अपवाद सोडता, गोरी आहेत आणि सर्वच पुरुष आहेत. हा दोष प्रतिसाद देणाऱ्यांचा नाही. एकोणिसाव्या शतकात कोणाचे बोलणे टिपून ठेवण्याजोगे मानले जाई, त्याचा तो परिणाम आहे. पण सहा-सात बैठकांपैकी निदान दोन विसाव्या शतकाला द्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

आदिवासी मुलांना सरकारी मंडळे व मिशन यांनी आईवडिलांपासून तोडून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवले, त्या मुलांना तिकडे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. या प्रकरणी नेमलेल्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल २६ मे १९९७ रोजी संसदेपुढे ठेवण्यात आला. रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन हे त्या चौकशीचे प्रमुख होते आणि ५३५ आदिवासी स्त्री-पुरुषांनी प्रत्यक्ष किंवा लेखी आपली हकीकत सांगितली. १९१० ते १९७० या काळात दहांपैकी एक ते तिघांपैकी एक एवढ्या प्रमाणात मुले तोडली गेली असावीत, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. अहवालात कित्येक साक्षींपुढे नाव नाही, केवळ क्रमांक आहे. वाचताना सुरुवातीला ते कोरडे वाटते. थोड्या वेळाने लक्षात येते की ज्या माणसांना संस्थेत नाव बदलून किंवा क्रमांक देऊन वाढविले गेले, त्यांनीच येथे आपल्या इच्छेने क्रमांकाआड राहणे पत्करले आहे.

या साक्षींवर टीकाही झाली. लहानपणीच्या आठवणी विश्वासार्ह नसतात, कागदपत्रे वेगळे सांगतात, असे म्हटले गेले. त्या वादात उतरायचे असेल तर ब्रूस ट्रेव्होरो यांचा खटला अवश्य घ्यावा, कारण तेथे आठवण आणि कागद न्यायालयात समोरासमोर आले. १९५७ च्या नाताळात दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूराँग परिसरात तेरा महिन्यांच्या ब्रूसचे पोट बिघडले. वडिलांकडे मोटार नव्हती, म्हणून त्यांनी ओळखीच्यांना विनवून मुलाला अ‍ॅडलेडच्या रुग्णालयात पाठविले. मूल बरे झाले आणि आईवडिलांना न विचारता एका गोऱ्या कुटुंबाकडे सोपविले गेले. काही महिन्यांनी आईने पत्र लिहून विचारले की बाळ कसे आहे आणि घरी कधी आणता येईल. उत्तर आले की प्रगती आहे, पण डॉक्टर अजून सोडायला तयार नाहीत. मूल तेव्हा रुग्णालयात नव्हतेच. आई त्याला पुन्हा भेटली, तेव्हा तो दहा वर्षांचा झाला होता आणि वडील वारले होते.

ऑगस्ट २००७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल ट्रेव्होरो यांच्या बाजूने दिला आणि ५,२५,००० डॉलर भरपाई मंजूर केली. निकाल फिरला तो कागदांवर. आईचे पत्र सरकारी दप्तरात जपलेले होते, त्याचे उत्तरही होते, आणि अशा रीतीने मुले काढून घेण्याचा अधिकार मंडळाला कायद्याने नाही, असा सरकारी वकिलाचा जुना सल्लाही त्याच दप्तरात होता. ट्रेव्होरो पुढच्याच वर्षी वारले. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली होती.

दुसरी बैठक गुरिंजी या आदिवासी लोकांना द्यावी. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या पुढारीपणाखाली सुमारे दोनशे गुराखी, नोकर आणि त्यांची कुटुंबे वेव्ह हिल या गुरांच्या प्रचंड मळ्यावरून उठून चालू लागली. मळा व्हेस्टी या ब्रिटिश घराण्याचा होता. बाहेरच्या जगाने तो प्रथम पगाराचा संप मानला. पण गुरिंजींना जमीन परत हवी होती, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी गव्हर्नर जनरलकडे तसा अर्ज केला. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान व्हिटलॅम यांनी लिंगिआरी यांच्या ओंजळीत माती ओतली, तो फोटो आपण कदाचित पाहिला असेल. फोटो काढणारे मर्विन बिशप स्वतः आदिवासी होते. मूळ प्रसंग मांडवाच्या सावलीत झाला होता. चांगल्या प्रकाशासाठी त्यांनी दोघांना बाहेर आणून तो पुन्हा करायला लावला. त्यामुळे फोटो खोटा ठरत नाही, परंतु कागदाला जे प्रश्न विचारायचे तेच फोटोलाही विचारावेत, एवढे त्यावरून समजते. गुरिंजींच्या तोंडची मागील तीन-चार पिढ्यांची हकीकत ‘यिजार्नी’ या नावाने २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्या शब्दाचा अर्थच ‘खरे’ असा आहे. एका पानावर गुरिंजी भाषा आणि तिच्याबरोबर इंग्रजी असल्यामुळे मध्यस्थ लपून राहत नाही. जमीन परत मिळण्याची गोष्ट आपल्याकडील धरणग्रस्तांनाही वेगळी वाटणार नाही, पण ती तुलना गटानेच करावी.

प्रतिसाद: दर्यावर्दी

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक भर घालतो. हिंदुस्थानी माणसे ऑस्ट्रेलियाच्या या इतिहासात उंटांच्याही बरीच आधी येतात.

‘सिडनी कोव्ह’ हे जहाज १७९६ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून माल घेऊन सिडनीस निघाले. त्यावरचे बहुतेक खलाशी लस्कर, म्हणजे युरोपीय जहाजांवर कामाला असलेले हिंदुस्थानी, होते. १७९७ च्या फेब्रुवारीत टास्मानियाच्या उत्तरेस एका बेटाशी जहाज बुडण्याच्या बेतात आले, तेव्हा ते किनाऱ्यावर घालावे लागले. मदत आणण्यासाठी सतरा जण एका होडीतून निघाले, पाच युरोपीय आणि बारा लस्कर. ती होडीही मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर फुटली, आणि ते सिडनीकडे पायी निघाले. वाट सहाशे किलोमीटरहून अधिक. नकाशा नाही, नद्या अनेक. वाटेत आदिवासींनी त्यांना कित्येकदा मासे व शिंपले दिले, होड्यांतून नद्या पार करून दिल्या, तर कोठे भालेही मारले. दोन महिन्यांनी सिडनीच्या दक्षिणेस मच्छिमारी नावेला तिघेच दिसले. मालाचा अधिकारी विल्यम क्लार्क, खलाशी जॉन बेनेट आणि एक लस्कर.

क्लार्कचा वृत्तान्त त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्याने वाटेत पाहिलेल्या कोळशाच्या थरांचा शोध घेण्यासाठी जॉर्ज बास याला पाठविण्यात आले, आणि तो किनारा आज कोलक्लिफ म्हणून ओळखला जातो. क्लार्कच्या पायांखाली जी वाट होती तीच त्या लस्कराच्याही पायांखाली होती. आपल्या रत्नागिरीकडील कित्येक घरांत आजे-पणजे पुढील काळात मुंबईहून अशाच जहाजांवर गेले, म्हणून मला क्लार्कची रोजनिशी वाचताना डोळा सारखा त्याच्या मागून येणाऱ्यांकडे लागतो. अमुक ठिकाणी लस्कर थकले, अमुक ठिकाणी मागे पडले, अशी वाक्ये येतात आणि पुढचे पान उलटते. तरीही ती रोजनिशी गटाने घ्यावीच. लहान आहे, एका बैठकीत संपते, आणि वसाहतीबाहेरचा तो मुलूख पाहिलेल्या पहिल्या परक्यांपैकी एकाने ती लिहिलेली आहे.

धागाकर्ता: पारावरचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री गटातील चौघांनी वाचनालयात बसून सर्व प्रतिसाद मोठ्याने वाचले.

ठरले ते असे. पहिली बैठक ‘सिडनी कोव्ह’ची, क्लार्कच्या रोजनिशीचा मराठी गोषवारा आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका तयार करीत आहेत. दुसऱ्या बैठकीत टेंचची उपासमारीची पाने, आणि त्या दिवशी ज्याने त्याने आपला चहा-फराळ घरून आणायचा, अशी एका खोडकर सभासदाची सूचना बहुमताने मंजूर झाली आहे. किंगला दोन बैठका दिल्या आहेत. त्यांपैकी दुसरी आयोगाच्या प्रश्नोत्तरांची असेल आणि ती दोघांनी समोरासमोर बसून वाचायची आहे. नेड केलीचे पत्र मराठीत आणताना विरामचिन्हे घालावीत की नाहीत यावर अद्याप एकमत नाही. नंतरच्या दोन बैठका गुलमोहर यांनी सुचविल्याप्रमाणे ट्रेव्होरो यांचा निकाल आणि गुरिंजी यांच्या आहेत. लँग आणि भटजी यांची बैठक दिवाळीनंतर जादा म्हणून घेऊ.

दक्षिणवारा यांना एक विनंती आहे. किंगची पहिली हकीकत आणि आयोगापुढील साक्ष यांतील जे उतारे शेजारी ठेवून वाचावेत असे आपल्याला वाटते, ते कळविल्यास त्यांच्या प्रती काढून ठेवता येतील. आयोगाचे प्रश्न विचारण्याचे काम आमच्याकडील एका निवृत्त तलाठ्यांनी आनंदाने पत्करले आहे. किंगची उत्तरे वाचायला मात्र अजून कोणी पुढे आलेले नाही.